बियाणं आपल्या कणगीत राहिलं पाहिजे
(द्वारका, नाशिक येथील सभेतलं भाषण)



कुपोषणावर नवं बियाणं आलंय म्हणतात. खरंय ते. 2012 साली महाराष्ट्रात 'धनशक्ती' बाजरी आली, तिच्यात लोह जास्त. 2018 साली परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ज्वारी आली, तिच्यात लोह आणि जस्त दोन्ही जास्त. दोन्ही सरळ वाणं, संकरित नाहीत. म्हणजे घरचं बी राखून पुढल्या साली पेरता येतं. संकरित घेतलं की दरवर्षी दुकानाची पायरी. कोणी बियाणं घेऊन गावात आलं तर पहिलं हेच विचारा.

पण सुरगाण्या-पेठच्या डोंगरात आपलं पीक नागली. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहाच्या आतबाहेर! तिच्यावर संशोधन करा, आम्ही नाही म्हणत नाही. पण पेरायची कुठं? नागली होते उताराच्या वरकस जमिनीत, अन् ती कागदावर वन. राब भाजायला गेलं की गार्ड हजर. मग लेकराच्या ताटात नुसता रेशनचा तांदूळ.

2006 च्या वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही त्याला पुरावा धरतात. गावी गेल्यावर ग्रामसभेत ते जबाब लिहून घ्या. कोणत्या उतारावर कोणती नागली पिकत होती, हळवी का गरवी, तेही त्यात येऊ द्या.