घाटमाथ्याची ओल आणि जुनी भिंगे

हाताने फोकस करावयाच्या जुन्या भिंगांचा, म्हणजे साधारणपणे १९६० ते १९९० या काळात फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी घडवलेल्या लेन्सचा, आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर होणारा वापर हा केवळ जुन्याच्या हौसेचा विषय नाही. त्यात प्रकाशशास्त्र, यंत्रकाम आणि हवामान या तिन्हींचा संबंध येतो, आणि खानापूर तालुक्यातील कणकुंबीसारख्या गावात तर तिसऱ्या गोष्टीचे वजन पहिल्या दोहोंहून कमी नसते. बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर, जेथे मलप्रभा नदी उगम पावते, तेथे पावसाळ्याचे चार महिने धुके आणि पाऊस मुक्कामालाच असतात. त्या धुक्यात जुने भिंग पुष्कळदा नव्याहून अधिक कामाचे ठरते, आणि त्याच ओलीत ते कायमचे नासूही शकते. म्हणून या भिंगांचा वापर आणि त्यांची राखण यांचा विचार येथे एकत्रच करावा लागतो.

जुने भिंग नव्या कॅमेऱ्याला बसते कसे, हे आधी पाहणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी जे धातूचे कडे असते, तेथपासून आत फिल्मच्या किंवा सेन्सरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून घेतलेले असते. या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात, आणि ते जराही वाढले तर दूरच्या डोंगरावर भिंगाचा फोकस जुळत नाही. निकॉनने १९५९ साली आणलेल्या एफ पद्धतीत हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी फिरवून बसवायच्या एम-४२ पद्धतीत ४५.४६ मिलिमीटर आहे, तर कॅननच्या १९७१ सालच्या एफडी पद्धतीत ते ४२ मिलिमीटर आहे. या सर्व कॅमेऱ्यांत भिंगामागे आरसा असे आणि त्याला हलायला जागा लागे, म्हणून हे अंतर एवढे मोठे ठेवावे लागे. २००८ पासून बाजारात आलेल्या मिररलेस, म्हणजे आरसा काढून टाकलेल्या, कॅमेऱ्यांत ती जागा मोकळी झाली. सोनीच्या ई पद्धतीत हे अंतर १८ आणि निकॉनच्या झेड पद्धतीत अवघे १६ मिलिमीटर आहे. मधला फरक भरून काढणारी पोकळ नळी, म्हणजे ॲडॅप्टर, लावली की जवळपास कोणतेही जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर आपल्या मूळ जागी उभे राहते. आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर मात्र ही सोय मर्यादित आहे: कॅननच्या ईएफ पद्धतीचे अंतर ४४ मिलिमीटर असल्यामुळे निकॉनचे भिंग त्यावर अडीच मिलिमीटरच्या चकतीने बसते, पण कॅननचेच एफडी भिंग बसवायचे तर मध्ये आणखी एक काच घालावी लागते, आणि ती काच चित्राचा दर्जा थोडा तरी उतरवते.

मिररलेस कॅमेऱ्यासाठीच्या साध्या नळीत ना वीज असते ना काच. ते शुद्ध लेथवरचे काम आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ज्या प्रकारचे बारीक मापाचे यंत्रकाम रोज होते, त्या कसबाच्या आवाक्यातली ही वस्तू आहे, आणि निपाणीच्या पलीकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा अख्खा कॅमेराच घडवला होता, हे लक्षात घेतले तर या मुलखाला अशा कामाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये.

नळी बसवल्यावर कॅमेऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. जुन्या भिंगात विद्युत संपर्क नसल्यामुळे भिंग लावलेच नाही अशी कॅमेऱ्याची समजूत होते, म्हणून पुष्कळ कॅमेऱ्यांत ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय चालू करावी लागते. आणि सेन्सर हलवून हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असेल, तर तिला भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ), उदाहरणार्थ ५० मिलिमीटर, हाताने भरून द्यावे लागते. बाकी उजेडाचे मोजमाप कॅमेरा स्वतः करतो.

आता धुक्याचा प्रश्न. स्वयंचलित फोकसची यंत्रणा सहसा दृश्यातील कडा शोधते, म्हणजे उजेड आणि काळोख जेथे एकमेकांना भिडतात अशा रेषा शोधते. कणकुंबीच्या परिसरात श्रावणातल्या सकाळी झाडे, घरांची कौले आणि मागचा डोंगर हे सारे एकाच राखाडी रंगात मिसळलेले असते, तेव्हा तिला धरायला कडाच सापडत नाही आणि भिंग नुसते पुढेमागे फिरत राहते. जुन्या भिंगाच्या नळकांड्यावर मात्र अंतराचे आकडे कोरलेले असतात आणि त्यांच्या शेजारी क्षेत्रखोलीच्या खुणा असतात. क्षेत्रखोली म्हणजे फोकसच्या बिंदूच्या पुढचा आणि मागचा जो पट्टा डोळ्याला स्पष्टच भासतो तो. २८ मिलिमीटरचे भिंग पूर्ण आकाराच्या सेन्सरवर लावून, त्याचे छिद्र (ॲपर्चर) एफ ८ वर आणि अंतराची खूण सुमारे ३.३ मीटरवर ठेवली, तर साधारण १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सर्व काही स्पष्ट येते, आणि मग धुके कितीही दाट असले तरी फोकससाठी कॅमेऱ्यात पाहण्याचीही गरज उरत नाही. १९८५ साली मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा आल्यानंतर स्वयंचलित फोकसचा काळ सुरू झाला आणि बहुतेक नव्या भिंगांवरून हे आकडे हळूहळू पुसले गेले. ती खरोखरच हानी होती. एक सावधगिरी मात्र येथे सांगितली पाहिजे: स्वस्त ॲडॅप्टर पुष्कळदा मापापेक्षा किंचित आखूड कातलेले असतात, त्यामुळे कोरलेले आकडे नेमके जुळत नाहीत, म्हणून उघडिपीच्या दिवशी दूरच्या टेकडीवर फोकस करून खूण कोठे येते हे एकदा तपासून घ्यावे.

याच पावसात साचलेल्या पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी लटकतात, ओल्या खोडांवर छत्र्या उगवतात, पानांखाली कोळी बसलेले असतात. भीमगड अभयारण्याच्या कडेचे हे सारे वैभव लहान आणि बहुधा स्थिर असते. त्याचे जवळून चित्र घेण्यासाठी महागड्या मॅक्रो लेन्सची गरज नाही. ५० मिलिमीटरचे जुने भिंग उलटे फिरवून, त्याची पुढची बाजू कॅमेऱ्याकडे येईल असे कड्याने बसवले, तर वस्तूच्या आकाराजवळ जाणारी तिची प्रतिमा सेन्सरवर पडू शकते. नव्या भिंगाचे छिद्र विजेवर चालते, म्हणून ते उलटे करताच त्यावरचा ताबा सुटतो. जुन्या भिंगावर छिद्राचे कडे हातात असते आणि ते तसेच काम देते. फोकस जुळवण्यासाठी मिररलेस कॅमेऱ्यात दोन साधने आहेत: एक, दृश्याचा तुकडा पडद्यावर पाच किंवा दहा पट मोठा करून पाहणे, आणि दुसरे, पीकिंग, म्हणजे स्पष्ट झालेल्या कडांना कॅमेऱ्याने रंगीत रेघ देणे. यांतील पहिलेच अधिक विश्वासाचे आहे, कारण ५० मिलिमीटरचे भिंग एफ १.८ वर एक मीटर अंतरावर रोखले तर क्षेत्रखोली सुमारे ४ सेंटिमीटरच असते, आणि रंगीत रेघ त्याहून जाड पट्टा स्पष्ट असल्याचा भास देते. उडणारा धनेश टिपायचा असेल तर अर्थातच नवे स्वयंचलित भिंगच घ्यावे.

जुन्या भिंगांच्या चित्राला वेगळा स्वभाव असतो असे म्हणतात, आणि त्याची कारणे ठोस आहेत. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परतवतो. असे आठ पृष्ठभाग असलेल्या भिंगातून जेमतेम ७२ टक्के उजेड पार होतो आणि परतलेल्या उजेडाचा काही भाग चित्रावर पांढुरक्या पडद्यासारखा पसरतो. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधलेल्या लेपाने हा दोष पुष्कळ कमी झाला आणि पुढे बहुपदरी लेप आले, तरी सूर्य समोर असताना जुने भिंग मऊ पडतेच. सोव्हिएत बनावटीचे हेलिऑस ४४ हे ५८ मिलिमीटरचे भिंग, जे झाइसच्या बायोटार भिंगावरून बेतलेले आहे, पार्श्वभूमीतील पानांचा भोवरा करते. तो मूळचा प्रकाशीय दोषच आहे, पण दाट रानात तो शोभतो. पेंटॅक्सच्या काही ५० मिलिमीटर एफ १.४ सुपर टाकुमार भिंगांत थोरियम मिसळलेली काच आहे, ती वर्षानुवर्षांनी पिवळी पडते आणि काही दिवस उन्हात ठेवल्यास बरीचशी निवळते. पण कडेपर्यंतची एकसारखी स्पष्टता हवी असेल तर आजची भिंगे निःसंशय सरस आहेत, आणि जुन्याच्या कौतुकात हे झाकून ठेवणे योग्य नाही.

खरे संकट बुरशीचे आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे हे माप, ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की काचेवरच्या धुळीत आणि बोटांच्या तेलकट डागांत बुरशीचे बीजाणू रुजतात. घाटमाथ्यावर पावसाळ्यात तर ही आर्द्रता दिवसचे दिवस ९० च्या आसपास असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू भिंगाच्या आत पसरतात, त्यांतून निघणारी आम्ले लेप आणि नंतर काच कुरतडतात, आणि एकदा काच कुरतडली गेली की बुरशी पुसली तरी डाग राहतो. म्हणून जुने भिंग विकत घेताना किंवा कपाटातून काढताना, छिद्र पूर्ण उघडून मागून विजेरीचा झोत टाकावा आणि तिरकस पाहावे. तंतू असतील तर ते लगेच चमकतात. बुरशी लागलेले भिंग इतरांपासून वेगळे ठेवावे आणि उघडून स्वच्छ करण्याचे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. चामड्याचे जुने म्यान दिसायला सुंदर असले तरी ते ओल धरते, म्हणून भिंग त्यात कधीही ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहील एवढे पाहावे. खड्यांचा रंग पालटला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. फार कोरडेपणाही बरा नव्हे. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे भिंग वापरात ठेवणे. कारण ज्या भिंगाला उजेड आणि वारा मिळतो त्यात बुरशी सहसा घर करत नाही.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील ज्या घरांत फिल्मच्या काळातले फोटो स्टुडिओ होते किंवा कोणाला छायाचित्रणाचा नाद होता, तेथे अशी भिंगे पेटीत पडून असण्याची शक्यता पुष्कळ आहे, आणि फिल्म मिळत नाही म्हणून ती निरुपयोगी झाली असे समजून ती भंगारात जाऊ नयेत. ज्यांच्याकडे असे एखादे भिंग असेल त्यांनी पुढच्या मिरगाआधी, हवा कोरडी असतानाच, ते पेटीतून काढावे, विजेरीने तपासावे, त्याच्या पद्धतीचे नाव कड्यावर किंवा नळकांड्यावर वाचून घ्यावे, आणि पाऊस सुरू झाल्यावर ते कॅमेऱ्यावर चढवून घाटात घेऊन जावे.