वायरलेसचा जीव बॅटरीत

जव्हार-मोखाड्याकडे पावसाळा हा भातलावणीचा हंगाम, तसाच वीज जाण्याचाही. वारा सुटला, तारांवर झाड आलं की पाडेच्या पाडे अंधारात जातात. मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागते. ती गेली की खिशातला मोबाइल घड्याळापुरता उरतो. अशा वेळी कामाला येतो हातातला वायरलेस, म्हणजेच वॉकी-टॉकी. त्याला टॉवरची गरज नाही. एका संचातून निघालेली लहर थेट दुसऱ्या संचात पोचते. २००१ साली भूजच्या भूकंपानंतर टेलिफोन मुके झाले, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी कितीतरी निरोप रेडिओवरून पोचवले.

मी असे संच दुरुस्त करतो. 'संच बिघडला' म्हणून माणसं येतात आणि पुष्कळदा संच ठणठणीत असतो, बॅटरी तेवढी मेलेली असते. म्हणून आज या बॅटरीविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, बॅटरीवरचं लेबल वाचा. जुन्या संचांत निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणून ७.२ व्होल्ट. आताच्या बहुतेक संचांत लिथियम-आयनचे दोन सेल असतात, ७.४ व्होल्टचे. आकडे जवळचे, पण स्वभाव वेगळे. निकेलची बॅटरी अधूनमधून पूर्ण वापरून मग चार्ज केलेली बरी. लिथियमला मात्र रिकामं होणं मानवत नाही, ती थोडी उतरली तरी चार्जिंगला लावावी. दोघींचे चार्जरही वेगळे. निकेलच्या चार्जरवर लिथियम ठेवली, तर ती प्रमाणाबाहेर भरते, फुगते, पेटही घेऊ शकते. 'बसतो ना, मग चालतो' हा हिशेब इथे नको.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. चार्जिंगला लावताना संच बंद ठेवा. चालू संच वीज ओढत राहतो आणि बॅटरी भरली की नाही, याचा चार्जरला नीट अंदाज येत नाही. उन्हात तापलेल्या जीपमधून आणलेली बॅटरी आधी सावलीत निवू द्या. चुलीशेजारच्या फळीवर चार्जर मांडू नका. हिरवा दिवा लागला की बॅटरी काढून घ्या. दिवसेंदिवस चार्जरवर राहिलेली लिथियम लवकर म्हातारी होते.

तिसरी गोष्ट खर्चाची. पाच वॅटचा संच नुसता ऐकत असताना साधारण ७० मिलिअँपिअर वीज खातो. बोलायचं बटण दाबलं की तोच आकडा दीड हजाराच्या घरात जातो, म्हणजे वीसपटीहून अधिक. १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी गप्प राहिलात तर वीसेक तास पुरेल, सतत बोलत राहिलात तर जेमतेम तासभर. म्हणून आधी निरोप मनात जुळवा, मग बटण दाबा. माणूस जवळच असेल तर कमी शक्तीवर बोला. दरीतून आवाज पोचत नसेल तर ओरडून उपयोग नाही, चार पावलं टेकाडावर चढा. उंचीला बॅटरी लागत नाही.

चौथी गोष्ट पावसाची. आपल्याकडच्या दमट हवेत बॅटरीच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. कोरड्या कापडानं किंवा पेन्सिलच्या रबरानं तो पुसून काढा. जादा बॅटरी खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका, दोन टोकं जोडली गेली की चटका बसेल. सौर पाट्यावर भिस्त असेल तर ढगाळ आठवड्यासाठी एक बॅटरी आधीच भरून ठेवा. महिनोन् महिने न लागणारी लिथियम बॅटरी मात्र अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी, आणि मे संपताना भरून तपासावी.

प्रत्येक बॅटरीवर क्रमांक आणि खरेदीचा महिना लिहा. पूर्ण भरल्यावर ती किती तास चालली, हे वहीत टिपत जा. तास घटू लागले की बॅटरी बदलायची वेळ आली समजा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, उकिरड्यावर टाकू नका. विक्रेत्याकडे परत द्या. कॅडमियम विषारी आहे, आणि उकिरड्याचं पाणी शेवटी ओढ्यालाच मिळतं.

एवढं कशासाठी? रात्री अडलेल्या बाळंतिणीला न्यायचं असतं, पुलावरून पाणी वाहत असतं, तेव्हा पलीकडे गाडी उभी करा, हा एकच निरोप जायचा असतो. दहा सेकंदांचा निरोप. तेवढी वीज बॅटरीत असावी, ही तजवीज आधीच्या रात्री करायची असते. संचाला लागणाऱ्या परवान्याचे नियम पाळा आणि बॅटरी भरलेली ठेवा.