व्यसनमुक्तीच्या वाटेवर श्रद्धेचे स्थान

सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी मद्यपाशाचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. सप्तव्यसनांचा त्याग ही ज्या श्रावकधर्माची पहिली पायरी, तेथे मद्यपी कोठून असणार, असेही कोणी म्हणेल. परंतु जैन कुटुंबेही या व्याधीपासून मुक्त नाहीत. इतर घरांत दारू हे दुःख असते. जैन घरात त्या दुःखाला धर्मभ्रष्टतेच्या लांछनाची जोड मिळते. म्हणून ते दडविले जाते, आणि दडविलेला रोग बळावतो.

१९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, अॅक्रन या शहरी, शेअर बाजारातील बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांना सावरू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ हा स्वमदत गट जन्मला. आज त्याच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. १९३९ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्याच्या बारा पायऱ्यांचा गाभा असा : दारूपुढील आपली हतबलता मान्य करणे, स्वतःहून श्रेष्ठ अशा शक्तीवर विश्वास ठेवणे, दोषांची प्रामाणिक नोंद करून ते दुसऱ्याजवळ सांगणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे आणि इतर पीडितांना साहाय्य करणे.

येथे जैन श्रावकाला प्रश्न पडतो. जैन दर्शन कर्ता ईश्वर मानत नाही. मग श्रेष्ठ शक्ती कोणती? हा प्रश्न त्या गटातही आरंभीच उठला होता. जिम बर्वेल यांच्यासारख्या ईश्वर न मानणाऱ्या सदस्यांच्या आग्रहामुळे ईश्वराची कल्पना ज्याने त्याने आपापल्या समजुतीनुसार करावी, अशी मोकळीक शब्दांतच ठेवली गेली. अनेक सदस्य तर आपल्या गटालाच ती शक्ती मानतात. तरीही धार्मिक अंश राहतोच. कैद्याला अशा सभांची सक्ती करणे शासनाला उचित नाही, असे अमेरिकेतील न्यायालयांनी १९९६ साली ठरविले, ते याच कारणाने.

मग श्रद्धा नेमके काय करते? ती मान कषायावर घाव घालते. ‘ठरविले तर उद्या सोडीन’ हा मद्यपीचा अहंकार असतो. मोहनीय कर्माचा उदय ओळखणे म्हणजे पुरुषार्थ सोडणे नव्हे. पुरुषार्थाचा खरा आरंभ तेथूनच होतो. उपादान ज्याचे त्याचे असते; गट हा निमित्त ठरतो.

पुढच्या पायऱ्या तर जैनांना परक्या वाटू नयेत. दोष सांगणे ही आलोचना, त्यापासून परतणे हे प्रतिक्रमण, दुखावलेल्यांपुढे नम्र होणे ही क्षमापना. ‘आजचा एक दिवस प्यायचे नाही’ हा गटाचा संकल्पही ओळखीचा आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात मर्यादित काळाच्या त्यागाला नियम आणि आजीवन त्यागाला यम म्हटले आहे. यमाचे ओझे न पेलणारा नियमाने चालू शकतो.

सम्यग्दर्शनाची आठ अंगे मात्र समाजालाच कर्तव्य सांगतात. निर्विचिकित्सा म्हणजे रुग्णाची किळस न करणे. उपगूहन म्हणजे त्याच्या दोषाचा बोभाटा न करणे. गटातील निनावीपणाचा हेतू हाच. मात्र रोग्याचे नाव राखणे आणि रोग लपविणे यांत अंतर आहे. स्थितीकरण म्हणजे डळमळलेल्याला पुन्हा मार्गावर आणणे. मन संसाराकडे ओढले गेलेल्या पुष्पडाल मुनींना वारिषेण मुनींनी धिक्कारले नाही. ते त्यांना सोबत घेऊन गेले आणि स्थिर केले. गटातील जुना सदस्य नव्यासाठी हेच करतो.

येथे एक सावधगिरी हवी. दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून नियम देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे. कॉक्रेन संस्थेने २०२० साली २७ अध्ययनांचा आढावा घेतला. या गटांशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडणारे उपचार अखंड मद्यमुक्ती टिकविण्यात इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरल्याचे त्यात दिसले. मात्र हे यश केवळ श्रद्धेचे नव्हे; त्यात सोबतीचाही वाटा मोठा आहे. श्रद्धा औषधाची जागा घेत नाही. ती औषधानंतरच्या दीर्घ वाटेवर बळ देते.

संस्थेने पन्नास वर्षांत समाजासाठी वास्तू उभी केली. तिची एक खोली आठवड्यातून एका सायंकाळी अशा सभेला मिळावी. हा गट बाहेरची देणगी घेत नाही. खोलीचे अल्प भाडे सदस्य स्वतःच जमवितात. दारी येणाऱ्याचे नाव, पंथ वा कुळ विचारू नये, आणि घसरून पुन्हा आलेल्यालाही दार उघडे असावे. तसे झाले तर स्थितीकरण हे अंग केवळ स्वाध्यायाच्या पोथीत राहणार नाही.