तटस्थ माणूस आणि मैत्रीची साधना
(शहापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ध्यानसाधनेचा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, ही शंका रास्त आहे. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हा प्रश्न डोळे मिटून सुटणारा नाही. मात्र तो सोडवू पाहणारी माणसे एकमेकांशी कशी वागतात, हाही राजकारणाचाच प्रश्न आहे.

कसारा घाट चढला की इगतपुरी लागते. सत्यनारायण गोएंका यांचे विपश्यना केंद्र तेथे १९७६ पासून आहे. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नसते. जुन्या साधकांच्या दानावर खर्च चालतो. ही व्यवस्था अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही विचार करावयास लावणारी आहे. परंतु तेथील बहुतेक काळ आर्यमौनात, स्वतःच्याच संवेदना न्याहाळण्यात जातो.

दुसरा प्रवाह १९७९ साली पुण्यात लोकमित्र यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचा. त्याने आंबेडकरी समाजात आनापानसती व मैत्रीभावना गटागटाने शिकविली. मैत्रीभावनेच्या पायऱ्या पाच: प्रथम आपण स्वतः, नंतर मित्र, नंतर तटस्थ माणूस, नंतर वैरी आणि अखेर सर्व प्राणिमात्र.

यांतील तिसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तटस्थ म्हणजे ज्याच्याविषयी आपल्याला प्रेम नाही आणि द्वेषही नाही. शहापूर-मुरबाडात तो कोण? उचल घेऊन बायकामुलांसह वीटभट्टीवर जाणारा कातकरी. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीचा फास सुटलेला नाही. या माणसाचा कोणी द्वेष करीत नाही. त्याची कोणी दखलच घेत नाही. शोषण पोसले जाते ते या उदासीनतेवर.

बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाकडून घेतली. बंधुतेला त्यांनी सर्वोच्च स्थान दिले, कारण तिच्यावाचून इतर दोहोंना संरक्षण नाही. आपण समतेवर ठराव पुष्कळ केले. बंधुतेचा सराव मात्र केला नाही.

तो सराव गटानेच करावा लागेल. आठ-दहा जणांनी जमिनीवर गोल बसावे. दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यावे. मग एकाने बोलावे. इतरांनी मध्ये न तोडता, मनात उत्तर न जुळविता ऐकावे. पाळी प्रत्येकाची यावी, आणि आपल्या बैठकांत ज्यांचा आवाज कधी उमटत नाही, त्या कातकरी-ठाकूर भगिनींची आधी यावी. शिकविणाऱ्याने गुरूचे आसन घेऊ नये, पैसे घेऊ नयेत आणि कोणावर बसण्याची सक्ती करू नये.

यात एक धोका आहे. भट्टीमालकाविषयी मैत्री बाळगण्याचा उपदेश मजुरालाच केला जाईल. तो आपण ठामपणे नाकारला पाहिजे. मैत्री म्हणजे हक्काची मजुरी सोडणे नव्हे. मालकाचा द्वेष न करताही त्याच्याकडून पै न् पै वसूल करता येते. किंबहुना द्वेषाने न पेटलेला कार्यकर्ता अधिक काळ लढू शकतो.

म्हणून या साधनेची कसोटी साधी आहे. बैठक संपल्यावर गट उठून त्या कातकऱ्याच्या उचलीचा हिशेब तपासावयास भट्टीवर गेला काय? गेला असेल, तर साधना फळास आली असे समजावे.