मागितलं एक, आलं दुसरं



सुपरमार्केटच्या ॲपवरून आपण किराणा मागवतो. मागवलेल्यातली एखादी वस्तू दुकानात नसते. मग तिच्या जागी दुसरी कुठली पाठवायची, हे ठरवायचं कोणी? आज मला एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे. ज्या घरात मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, ज्या घरातल्या लहान मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, किंवा ज्या घरात उद्या एकादशी आहे, त्या घरातला माणूस या प्रश्नाला किरकोळ म्हणणार नाही.

घरबसल्या यंत्रावरून किराणा मागवण्याची गोष्ट आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. मे १९८४ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथे जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या आजींनी आपल्या टीव्हीच्या रिमोटवरची बटणं दाबून टेस्कोच्या दुकानातून तीन वस्तू मागवल्या: मार्गरीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी. टीव्ही आणि टेलिफोनची तार जोडणारं हे तंत्र मायकेल ऑल्ड्रिच या संशोधकाचं. ज्या वृद्धांना घराबाहेर पडणं कठीण, त्यांच्यासाठी तिथल्या नगर परिषदेने ही सोय केली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या व्यवस्थेची सुरुवात गरजेतून झाली आहे. ती आळशी लोकांसाठी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गुडघे दुखणारी आई, तान्हं मूल असलेली बाई, दोन पाळ्यांमध्ये काम करणारं जोडपं, मुलं परदेशात असलेले आजी-आजोबा हे या सेवेचे खरे ग्राहक. आणि चुकीची वस्तू आली तर ‘चला, कोपऱ्यावरून घेऊन येतो’ असं म्हणणं नेमकं त्यांनाच शक्य नसतं.

आता मुळात तुटवडा का पडतो ते पाहू. ॲपवर ‘उपलब्ध’ दिसतं तो संगणकातला आकडा असतो. माल आला की तो वाढतो, बिल झालं की कमी होतो. पण फुटलेली बरणी, भलत्याच फळीवर राहिलेलं पाकीट, एखाद्या ग्राहकाच्या ट्रॉलीत पडलेली पण अजून बिल न झालेली पिशवी, यांतलं काही त्या आकड्याला कळत नाही. त्यात तुम्ही रात्री मागणी नोंदवता आणि माल गोळा होतो दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात दुकानात रांगा लागून गेलेल्या असतात. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या सेवांमध्ये हा घोळ कमी, कारण त्यांच्या गोदामात बाहेरचं गिऱ्हाईक फिरत नाही आणि मागणी लगेच भरली जाते. तिथे बहुधा वस्तू वगळून पैसे परत केले जातात. बदली वस्तूचा प्रश्न खरा उभा राहतो तो महिन्याच्या मोठ्या यादीत, वेळ ठरवून येणाऱ्या मालात.

माल गोळा करणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात एक यंत्र असतं. वस्तू नाही असं नोंदवलं की ते यंत्र जवळची वस्तू सुचवतं. जवळची म्हणजे काय? त्याच वर्गातली, साधारण त्याच वजनाची आणि किमतीची. थोडक्यात, फळीवर जी शेजारी आहे ती. माझा सगळा आक्षेप इथे आहे. दुकानाची फळी आणि घरातला ओटा यांची मांडणी वेगवेगळी असते. फळीवर ज्या दोन वस्तू सख्ख्या बहिणी दिसतात, त्या स्वयंपाकघरात एकमेकींना ओळखतही नाहीत.

मिठाचंच घ्या. साधं मीठ संपलं, त्याच्या जागी कमी सोडियमचं मीठ आलं. पाकीट महाग, वर हृदयाचं चित्र, घेणाऱ्याला वाटावं आपला फायदा झाला. पण अशा बऱ्याच मिठांमध्ये सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड अशक्त असेल, किंवा रक्तदाबाची ठरावीक औषधं चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हा बदल डॉक्टरांना विचारून करायचा असतो. तो दुकानातल्या यंत्राने परस्पर करायचा नसतो.

हिंगाचंही तसंच. आपण वापरतो ते बांधणी हिंग. त्यात मूळ राळ थोडी, बाकी डिंक आणि पीठ. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं, काही उत्पादक तांदळाचं घालतात. ज्याला सीलिएकचा विकार आहे आणि गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्याच्या घरात या दोन डब्या सारख्या नाहीत. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ग्लुटेनयुक्त धान्यं, शेंगदाणे, दूध, सोयाबीन, अंडी अशा घटकांची सूचना पाकिटावर छापावी लागते. पण ती वाचायची वेळ माल दारात आल्यावरची. बदली निवडताना ती कोणी वाचली होती का, हे आपल्याला कळत नाही.

आजाराशी ज्यांचा संबंध नाही अशाही गोष्टी आहेत, आणि त्या मला कमी महत्त्वाच्या वाटत नाहीत. राजगिऱ्याचं पीठ नाही म्हणून नाचणीचं आलं: दोन्ही पौष्टिक, दोन्ही एकाच कप्प्यात, पण बहुतेक घरांत नाचणी उपासाला चालत नाही. वाळवणाच्या दिवसांत पापडखाराच्या जागी खायचा सोडा आला तर उडदाचं भिजवलेलं पीठ घेऊन बसलेल्या बाईने काय करायचं? आंबेमोहोराऐवजी बासमती आला तर किमतीने चढच आला म्हणा, पण साधं वरण त्या सुट्या शितांवर जमत नाही. आइस्क्रीमऐवजी फ्रोझन डेझर्ट आलं तर दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल आलं. लंडनमधल्या मराठी घरात दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बेसन मागवलं आणि ‘पीठ’ या सदराखालचं दुसरं काही हाती पडलं, तर तिथे लाडूच होत नाहीत.

कुठल्या घरात काय चालतं, हे ज्ञान आपल्या वाण्याकडे होतं आणि अनेक ठिकाणी अजून आहे. ‘वहिनी, तुमची ती तूरडाळ आज नाही, उद्या येईल, थांबताय का?’ या एका वाक्यात तो तीन गोष्टी करतो. तुटवडा आधी सांगतो, तुमची आवड लक्षात ठेवतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सभासदांच्या गटांना दरमहा माल वाटण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यातही हेच बळ होतं. माल निवडणारे आणि वाटणारे कार्यकर्ते शेजारच्याच इमारतीत राहणारे होते. त्यांना जाब विचारता येत असे.

आता कायद्याकडे येतो, कारण आपला हक्क पुष्कळांना माहीत नाही. मालविक्री अधिनियम १९३० सालचा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम ३७ सांगतं की ठरलेल्या मालात वेगळ्या वर्णनाचा माल मिसळून आला, तर ग्राहक ठरलेला तेवढा ठेवून बाकीचा नाकारू शकतो, किंवा सगळाच नाकारू शकतो. आणि कलम ४३ प्रमाणे नाकारलेला माल परत नेऊन देण्याची जबाबदारी ग्राहकावर नाही. नाकारल्याचं विक्रेत्याला कळवलं की पुरे. मात्र ‘वेगळं काही ठरलं नसेल तर’ ही अट या तरतुदींना आहे. म्हणजे ॲपवरच्या ज्या अटी आपण न वाचता मान्य करतो, त्या इथे आडव्या येऊ शकतात.

म्हणूनच २०२० चे ई-कॉमर्स नियम महत्त्वाचे. ग्राहकाची खरेदीची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच नोंदवली पाहिजे, आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटीतून नव्हे, असं त्यात लिहिलेलं आहे. ‘पर्यायी वस्तू चालेल’ ही खूण दुकानाने आपल्या वतीने करून ठेवणं या नियमाच्या हेतूविरुद्ध आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपवरच्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत स्वस्त माल दाखवून ऐनवेळी ‘तो संपला’ म्हणत तसाच दिसणारा महाग माल पुढे करण्याचाही समावेश आहे. प्रत्येक बदली वस्तू फसवणूक असते असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तो प्रामाणिक तुटवडाच असतो. पण दर वेळी बदली महागच येत असेल तर शंका घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

ब्रिटनमधल्या मोठ्या सुपरमार्केटांनी यात बरीच शिस्त आणली आहे. प्रत्येक वस्तूपुढे ‘बदली नको’ अशी निवड करता येते, आणि न आवडलेली बदली वस्तू दारातच चालकाला परत देता येते. अमेरिकेत इन्स्टाकार्ट या किराणा ॲपवर ग्राहक स्वतःच आधी सांगून ठेवतो की हे नसेल तर अमुक द्या, नाहीतर पैसे परत करा. ही सोय आपल्याकडच्या प्रत्येक ॲपवर का नसावी? तंत्र अवघड नाही. ग्राहकांनी मागितली पाहिजे.

तोवर आपण काय करायचं? औषधपथ्याच्या, बाळाच्या आणि उपासाच्या वस्तूंना सरसकट ‘बदली नको’ सांगा. सोय नसेल तर सूचनेच्या रकान्यात लिहा. तिथे नुसतं ‘हेच हवं’ न लिहिता कशासाठी हवं ते लिहा: ‘पुरणासाठी हरभराडाळ, मटारडाळ नको’. माल गोळा करणारी मुलगी कदाचित दुसऱ्या राज्यातून आलेली असते, तिला पुरण माहीत असेलच असं नाही; पण कारण कळलं तर माणूस यंत्राने सुचवलेलं नाकारू शकतो. बदली आली तर एकूण रकमेबरोबर पाकिटावरची दर ग्रॅमची किंमतही पाहा, कारण एक किलोऐवजी अर्ध्या किलोची दोन पाकिटं हा सर्वांत सोपा आणि बहुधा महागडा बदल असतो. वस्तू वगळल्यामुळे रक्कम मोफत पोचवण्याच्या मर्यादेखाली गेली आणि वर शुल्क लागलं, असं झालं तर तक्रार करा. तुटवडा त्यांचा होता. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा, असा नियम आहे. तिथे भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि ही सगळी तक्रार कंपनीकडे करा. जिने चढून पिशव्या आणणाऱ्या मुलाने ती वस्तू निवडलेली नसते, अनेकदा पिशवीत काय आहे हेही त्याला ठाऊक नसतं. आपण रागाने दिलेला एक तारा त्याच्या कमाईवर जाऊन बसू शकतो, आणि ज्या कार्यालयात बदलीचे नियम लिहिले गेले तिथे त्याची झळ पोचत नाही. नको असलेली वस्तू त्याच्या हाती परत द्या, नोंद करायला सांगा, आणि उन्हातून आलेला असेल तर पाणी विचारा.