गवत कापायला किती एचपीचा ट्रॅक्टर घ्यावा?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून तुमच्या प्रश्नांमध्ये येतोय. कुणाचं कुरण आहे, कुणाचा गोठा आहे, कुणी पडीक जमिनीवर मारवेल लावलंय. आणि प्रश्न एकच: "गवत कापण्यासाठी ट्रॅक्टर घ्यायचाय, किती एचपीचा घेऊ?"

आधीच सांगतो, कंपनीचं नाव मी घेणार नाही. शोरूममध्ये गेलात की समोरचा माणूस तुमची जमीन किती, एवढंच विचारतो आणि मोठा ट्रॅक्टर दाखवतो. त्यात त्याचं चुकतं असं नाही, त्याचं ते काम आहे. पण पाच-सात वर्षं हप्ता तुम्ही भरणार आहात. म्हणून हिशोब आपला आपण करून जायचं.

पहिला प्रश्न ट्रॅक्टरचा नाहीच. पहिला प्रश्न असा: कापलेलं गवत तुम्हाला उचलायचंय का? बागेतलं किंवा बांधावरचं गवत नुसतं कापून तिथेच पडू द्यायचं असेल, तर स्लॅशर चालतो. स्लॅशरचं पातं फिरत फिरत गवताचा चुरा करतं. तो चुरा जमिनीवर आच्छादन म्हणून छान. पण गव्हाणीत टाकायला वैरण हवी असेल, तर तोच चुरा मातीत मिसळतो, हाताला येत नाही. शिवाय बोथट पात्याने गवताचं खोड फाटतं. लसूण घासासारखं पुन्हा पुन्हा फुटणारं पीक असेल तर पुढची कापणी मार खाते. वैरण गोळा करायची असेल तर कटर बार, म्हणजे कात्रीसारखी दातेरी पट्टी, नाहीतर ड्रम मोअर. औजार आधी ठरवायचं, ट्रॅक्टर त्याच्या मागून.

आता औजाराला ताकद किती लागते ते बघू. इथे लक्षात ठेवा, बॉनेटवर लिहिलेला एचपी हा इंजिनचा. मागच्या पीटीओ शाफ्टपर्यंत पोचेपर्यंत त्यातला दहा-पंधरा टक्के गळतो. २४ एचपीचा ट्रॅक्टर असेल तर पीटीओवर साधारण २० मिळतात असं धरा. माहितीपत्रकात पीटीओ एचपी वेगळा छापलेला असतो, तो आकडा मागून घ्या.

स्लॅशरला दर फूट रुंदीमागे साधारण ५ पीटीओ एचपी धरायचे. ४ फुटी स्लॅशर म्हणजे २०, मग २४ एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. ५ फुटी म्हणजे २५, तिथे २८ एचपीचा ट्रॅक्टरसुद्धा धापा टाकतो, ३० च्या पुढे जायला हवं. गवत उंच, दाट, झुडपं मिसळलेली असतील तर त्याहून जास्त. कटर बारचं मात्र उलट आहे. त्याला फुटामागे दीड-दोन एचपी पुरतात, कारण तो नुसतं कापतो, चुरा करत नाही. ५ फुटी कटर बार छोट्या ट्रॅक्टरवर आरामात चालतो. ड्रम मोअर भुकेला. साडेपाच फुटी ड्रम मोअरला ३५ ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर लागतो, आणि तो वजनालाही तीन-चारशे किलोच्या घरात असतो.

वजनाकडे लोक लक्ष देत नाहीत. हायड्रोलिकने औजार उचललं म्हणजे ट्रॅक्टर ते पेलतो असं नाही. औजार वर उचललेलं असताना ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. नाहीतर स्टिअरिंग वळवताय आणि ट्रॅक्टर सरळ चाललाय, असं होतं. पुढे वजनं लावता येतात, पण छोट्या ट्रॅक्टरला तीही मर्यादेतच.

आता दुसरा हिशोब, वेळेचा. मला विचाराल तर खरा निर्णय इथेच होतो. एक सोपं सूत्र सांगतो, लिहून घ्या. औजाराची रुंदी फुटांत, गुणिले वेग ताशी किलोमीटरमध्ये, भागिले १८. येईल ते उत्तर म्हणजे एका तासात किती एकर. वळणं, अडकणं, थांबणं यासाठी पाव भाग वेळ त्यात आधीच धरलाय. ५ फुटी कटर बार, ताशी ४ किलोमीटर: २० भागिले १८, म्हणजे तासाला एक एकराच्या थोडं वर. साडेपाच फुटी ड्रम मोअर, ताशी ८ किलोमीटर: ४४ भागिले १८, म्हणजे जवळपास अडीच एकर.

आता हे तीन घरांना लावून बघू.

पहिलं घर. दहा जनावरं, दीड एकर संकरित नेपिअर. एका मोठ्या जनावराला दिवसाला २५-३० किलो हिरवा चारा धरला तर रोज तीनशे किलोपर्यंत लागतो. चांगल्या नेपिअरच्या एका कापणीला गुंठ्यामागे अडीचशे-तीनशे किलो निघतात. म्हणजे रोज कापायचा किती? एक गुंठा! दीड एकर म्हणजे साठ गुंठे, साठाव्या दिवशी पुन्हा पहिल्या गुंठ्यावर. एका गुंठ्यासाठी ट्रॅक्टर बाहेर काढेपर्यंत ब्रश कटरने काम उरकतं. इथे चारा कापायला ट्रॅक्टर नकोच. मशागतीला, वाहतुकीला हवा असेल तर त्या कामाच्या हिशोबाने घ्या. शिवाय वाढलेल्या नेपिअरची जाड धांडं कटर बारमध्ये अडकतात. तो त्याचा माल नव्हे.

दुसरं घर. सात-आठ एकर कुरण, पारनेर-जुन्नरकडच्या माळासारखं. पवना, मारवेल, मधे मधे धोंडे आणि वारुळं. कापणी वर्षातून एकदा, पाऊस उघडल्यावर, गवत फुलोऱ्यात असताना. उशीर केला तर गवत वाळून त्याची काडी होते, कस जातो. लवकर केली तर परतीच्या पावसात कापलेलं गवत भिजून काळं पडतं. हातात येतात ते मोजके कोरडे दिवस. ५ फुटी कटर बारने आठ एकराला सात-आठ तास लागतात. दव उडाल्यावर दहा-अकराला सुरुवात केली तरी दोन दिवसांत काम संपतं. याला २२ ते २८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर पुरून उरतो. इथे ५० एचपी घेऊन काय होईल? कापणी कदाचित एका दिवसात होईल. पण आठ एकर गवत गोळा करून पेंढ्या बांधायला माणसं कुठून आणणार? मोठ्या ट्रॅक्टरने कापणीचा वेग वाढतो, गोळा करायचा नाही. जिथे काम तुंबतं तिथे पैसा घाला.

तिसरं घर. पंचवीस-तीस एकर, गवत वाळवून गाठी बांधायच्या, विकायच्याही. इथे ड्रम मोअर, रेकर आणि बेलर अशी साखळी लागते. मग ४० ते ५० एचपीचा ट्रॅक्टर योग्य. ५० च्या वर जाताना मात्र विचार करा. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम, म्हणजे ट्रेम-४, लागू झालेत. त्यांची किंमत आणि दुरुस्तीची गुंतागुंत दोन्ही वाढली. आणि बेलर वर्षात पंधरा दिवसच चालणार असेल तर तो भाड्याने आणलेला बरा.

"मोठा घेऊन ठेवला तर काय बिघडतं?" असं कुणीतरी म्हणणारच. डिझेल बिघडतं. ५० एचपीचं इंजिन दहा एचपीच्या कामाला जुंपलं तर स्वतःचं धूड ओढण्यात तेल जातं. जमीन बिघडते. ओल्या काळ्या रानात जड चाकं गेली की माती दाबली जाते, आणि लसूण घासाचे गड्डे चाकाखाली मरतात. उलट छोटा ट्रॅक्टर घेऊन त्याच्या ताकदीबाहेरचं औजार लावलं तर पीटीओचे फेरे ५४० च्या खाली येतात, पातं कापायच्या ऐवजी गवत लोळवत जातं, आणि क्लच लवकर जातो. दोन्हीकडून तोटाच.

उताराबद्दल बोलल्याशिवाय हा भाग संपवणार नाही. मावळ, मुळशी, कोकणातली कुरणं सपाट नसतात. छोटा ट्रॅक्टर हलका असला तरी अरुंदही असतो, आणि अरुंद ट्रॅक्टर आडव्या उतारावर लवकर कलंडतो. मागचा चाकांचा पसारा जितका वाढवता येतो तितका वाढवा. उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान आणि सीट बेल्ट असलेलंच मॉडेल बघा. औजार कमीत कमी उंचीवर ठेवा. जिथे चालत जाताना पाय घसरतो तिथे ट्रॅक्टर नेऊच नका, तेवढा तुकडा ब्रश कटरने किंवा विळ्याने कापा. स्लॅशर चालू असताना दगड गोळीसारखा उडतो, तेव्हा आसपास मुलं, जनावरं नकोत. आणि पात्यात गवत अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मगच खाली उतरा. दरवेळी.

शेवटी अनुदानाचं. महाडीबीटीवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका, नाहीतर अनुदान हातचं जातं. आणि अनुदान मिळतंय म्हणून एचपी वाढवू नका. अनुदान एकदाच येतं, डिझेल रोज लागतं.

खरेदीआधी एक गोष्ट कराच. विक्रेत्याला म्हणा, डेमो माझ्या रानात, माझ्या गवतात, मला हवं असलेलं औजार लावून द्या. तासभर चालवा. इंजिन दमतंय का, वळताना पुढचं हलकं लागतंय का, कापलेलं गवत हाताला येतंय का, एवढं बघितलंत तरी पुष्कळ झालं.

तुमचं कुरण किती एकर, उतार कसा, गवत कोणतं, हे कळवा. पुढच्या भागात वाळवलेलं गवत साठवताना बुरशी कशी टाळायची ते बोलू. तोपर्यंत सांभाळून काम करा. नमस्कार.