दफ्तराचा नवा राखणदार



बँकेत, तहसील कचेरीत किंवा इस्पितळाच्या खिडकीपाशी उभे असताना ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर आपण सर्वांनीच ऐकले आहे. एसटीचे भाडे खर्चून आलेला माणूस मुकाट्याने परत जातो. हे उत्तर देण्याची पाळी येऊ नये म्हणून जो पडद्याआड राबतो, त्याच्याविषयी आज मला चार शब्द सांगायचे आहेत. इंग्रजीत त्याला सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आपण संगणक-व्यवस्थापक म्हणू. मी साहित्याचा अध्यापक, ही विद्या माझी नव्हे. परंतु दरवर्षी मुले आणि पालक विचारतात, ‘सर, कॉम्प्युटरमध्ये करायचं तरी काय?’ त्यांच्यासाठी आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी हे बोलणे.

कॉम्प्युटरचा व्यवसाय म्हणजे केवळ प्रोग्रॅम लिहिणे, असा एक समज आहे. घर बांधणारा गवंडी वेगळा आणि बांधलेले घर नांदते ठेवणारा वेगळा. संगणक-व्यवस्थापक हा दुसऱ्या जातीचा कामकरी. त्याच्याकडे काय असते? कोणी कोणते दालन उघडायचे याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड आणि अधिकार. यंत्रे एकमेकांना जोडणारे नेटवर्क. सगळ्यांची माहिती साठते तो सर्व्हर. आणि त्या माहितीच्या राखीव प्रती, म्हणजे बॅकअप.

हे काम आपल्याकडे अगदीच नवे नाही. नाना फडणीसांच्या घराण्याचे मूळ गाव वेळास, आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. फडणीस म्हणजे दफ्तर आणि हिशेब सांभाळणारा. तलवार गाजवणाऱ्यांची नावे आपण घेतो. पण दफ्तर जागच्या जागी नसेल तर ना वसुली, ना फौजेचा पगार! आज ते दफ्तर रुमालातून निघून यंत्रात गेले आहे. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. रुमाल गेले, तरी राखण काही चुकली नाही.

आपल्याला हे काम चटकन समजेल, कारण ते आगोटीच्या कामासारखे आहे. मृगाआधी आपण कौले परततो, लाकूडफाटा आत घेतो. त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही; पण घर गळले की सगळेच विचारतात. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. दोन लाखांवर संगणक कुलूपबंद झाले. इंग्लंडातल्या इस्पितळांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आता मौज पाहा. ज्या फटीतून तो शिरला, तिच्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते वेळेवर लावले, त्यांची कौले शाबूत राहिली.

दूरचे कशाला? 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्या दिवशी एसटी आगारातली सुमारे 9 लाखांची रोकड बसच्या टपावर तासन् तास बसून वाचवली गेली. धन्य ती मंडळी! पण रोकड अशी उचलून वर नेता येते. तळमजल्यावरच्या सर्व्हरमधली माहिती पाणी चढू लागल्यावर उचलता येत नाही. ती आदल्या दिवशीच दुसरीकडे असावी लागते. म्हणून या व्यवसायाचा एक साधा नियम आहे: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक गावाबाहेर. आणखी एक गोष्ट. प्रत घेणे निराळे, ती उघडते का हे पाहणे निराळे. पेरणीआधी आपण मूठभर बी ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतोच ना? तसेच हे.

आता या वाटेला लागायचे कसे? आयटीआयमध्ये ‘कोपा’ नावाचा एक वर्षाचा संगणकाचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे, महाविद्यालयांत बी.एस्सी. आयटी आहे. पहिली नोकरी बहुधा केबल ओढण्याची आणि प्रिंटर दुरुस्त करण्याची असते. तिला कमी लेखू नका. तिथून नेटवर्क, मग सर्व्हर, मग सुरक्षा, अशा पायऱ्या आहेत. घरी जुना संगणक असेल तर त्यावर लिनक्स ही प्रणाली फुकट शिकता येते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती 1991 मध्ये सुरू केली. आज जगातले असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात.

मात्र दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. यंत्र बिघडते ते रात्री, रविवारी, नाही तर ऐन गणपतीत. तेव्हा धावावे लागते. आणि विद्या झपाट्याने जुनी होते. पुष्कळ कचेऱ्या आता स्वतःचा सर्व्हर न ठेवता दूरचा भाड्याने घेतात, त्याला क्लाउड म्हणतात. एकाच यंत्राची ओळख असलेला माणूस मागे पडतो; शिकत राहणाऱ्याला मुंबई-पुण्यातच नव्हे, इथल्या पतपेढ्या, इस्पितळे आणि कॉलेजांतही काम आहे.

शिक्षकहो, आपल्याला एक विनंती. शाळेतल्या संगणकखोलीची जबाबदारी दोन मुलांवर, आपल्या देखरेखीखाली, टाका. एक वही द्या. तीत तारीख घालून लिहू द्या: काय बिघडले, काय केले, प्रत कधी घेतली, ती उघडून कधी पाहिली. ज्याच्या हाती किल्ल्या त्याला सगळ्यांची पत्रे वाचता येतात. तरी ती वाचायची नाहीत, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी तेवढी आजच काढून टाका!

तंत्र पुस्तकात मिळते. विश्वासूपणा आणि टापटीप मात्र लहानपणीच अंगी लागते. हे दोन्ही गुण असलेले मूल आपल्या वर्गात असेल, तर त्याला हा रस्ता अवश्य दाखवा.